दगडाच्या अलीकडे

अन्नपूर्णाबाई बाभळीच्या आड उभ्या राहिल्या आणि तोंडावर पदर धरला. खोकला आला असता तर सगळंच मुसळ केरात. समोर, चरोद्याच्या रेल्वे यार्डाच्या भिंतीला लागून असलेल्या मैदानात, त्यांची सून दीक्षा वाकून गोणपाटाची एक बोरी उचलत होती.

बोरी भरलेली होती, तोंड सुतळीनं शिवलेलं. काल संध्याकाळी तीच बोरी त्यांनी क्वार्टरच्या मागे, बंद पडलेल्या कूलरआड पाहिली होती. तेव्हापासून डोक्याला भुंगा लागला होता. रेल्वे कॉलनीत बोरी भरलेली असली आणि वर लपवलेली असली, की तिचा एकच अर्थ निघतो. यार्डातलं लोखंड. मागच्या लाइनीत एका घरी असंच लोखंड सापडलं आणि ती माणसं क्वार्टर खाली करून कुठे गेली ते कुणाला कळलंही नाही. मुलगा नरेश त्याच यार्डात नोकरीला. अन्नपूर्णाबाईंना आपला पलंग, टीव्ही, तांदळाचा डबा सगळं रस्त्यावर मांडलेलं दिसायला लागलं.

तशा त्या संशयी होत्याच. दूध बोटावर घेऊन बघायच्या, शेजारणीनं दिलेल्या भाजीचा आधी वास घ्यायच्या. पण सून अशी निघेल असं वाटलं नव्हतं. नरेश ड्यूटीवर गेला की रोज म्हणायची, जरा फिरून येते. हे असलं फिरणं!

दीक्षानं बोरी खांद्यावर घेतली आणि ती मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे झपाझप निघाली. चोरीचा माल घेऊन माणूस जातो तशीच. अन्नपूर्णाबाईंनी चपला हातात घेतल्या आणि मागे धावल्या.

"थांब!"

दीक्षा दचकली. बोरी खांद्यावरून घसरली, पण तिनं ती सोडली नाही. तशीच लटपटत पुढे गेली, एका दगडाजवळ पोचून बोरी खाली टेकवली आणि मगच मागे वळली.

"आई? तुमी इथी?"

"काय हाय याच्यात?"

"रेती."

"खोल."

"सच्ची, रेतीच हाय."

"खोल म्हनलं ना!"

दीक्षानं सुतळी उसवली. अन्नपूर्णाबाईंनी कोपरापर्यंत हात घातला आणि ढवळून पाहिलं. वर रेती, मधे रेती, तळाशीही रेतीच.

"कोनाची?"

"शामरावकाका घर बांधून राहिले ना, त्याइची. इचारून आनली."

"अन् रेती घेऊन कोनी पळते का?"

दीक्षानं खाली पाहिलं. "बिलासपूरले परत बोलावलं. रेल्वे भरतीची फिजिकल हाय सोमवारी. बोरी उचलून त्या टोकापर्यंत न्या लागते. मधे खाली ठेवली का बाहेर. एकच चान्स."

"मंग घरी कावून नाई सांगितलं?"

"मागच्या साली माही बोरी पडली, तं सारी कॉलनी हासली." तिनं सुतळी बोटाला गुंडाळली. "तुमीबी हासल्या होत्या."

ते खरं होतं. अन्नपूर्णाबाईंना लाज वाटली, आणि सुनेसमोर लाज वाटली म्हणून रागही आला. चुकलं म्हणणं त्यांच्या जिभेला कधी जमलं नव्हतं. मग जे जमत होतं तेच त्यांनी केलं. खाली वाकल्या आणि बोरी नेमकी कुठे ठेवली आहे ते पाहू लागल्या.

"हा दगड कायचा?"

"तिथपर्यंत न्यायची. मापून ठेवला मी."

"मंग बोरी तं अलीकडं हाय."

"हातभर तं हाय, आई. तुमी ओरडल्या मनून."

"मी आज ओरडली. हे काय मंग?"

त्यांनी बोट दाखवलं. दगडाच्या अलीकडे मातीत खळगा पडला होता. रोज त्याच जागी बोरी टेकून टेकून पडलेला.

"इथी कोनी पाहाले नाई, तं कोनाले फसवून राहिली तू?"

दीक्षानं वाकून पाहिलं. खळगा खोटं बोलत नव्हता. रोज तिचा दम इथेच संपायचा आणि तिला वाटायचं, पोचले. तिचे डोळे भरून आले. सासूनं पकडलं म्हणून नव्हे. इतके दिवस स्वतःला दिसलं कसं नाही, म्हणून.

तिनं नाक पुसलं, बोरीचं तोंड बांधलं आणि ती ओढत पुन्हा पहिल्या टोकाला गेली. अन्नपूर्णाबाई हात लावायला गेल्या नाहीत. दगडापाशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, पापणी न लववता.

दीक्षा निघाली. अर्ध्यावर बोरी खांद्यावरून घसरली. तिनं ती पोटाशी कवटाळली. आता समोरचं तिला काहीच दिसत नव्हतं, फक्त बोरीचं तोंड नाकाशी. खळग्यापाशी पाय सवयीनं मंदावले. पाय पुन्हा उचलले गेले, खळगा गेला, दगड गेला.

"झालं!" अन्नपूर्णाबाई ओरडल्या. "ठेव आता!"

दीक्षा थांबली नाही.

"अवं ठेव ना! दगड मागं गेला, मी सांगून राहिली ना!"

बोरीआडून धापा टाकत आवाज आला, "तुमच्यावर भरोसा नाई मले," आणि ती तशीच पुढे चालत राहिली.