कासवाचा खिसा

दुकानाच्या काचेआड तिचाच ससा लटकत होता.

धाकटीनं भाजीची पिशवी रस्त्यातच खाली ठेवली आणि पुन्हा नीट पाहिलं. पिवळा फ्रॉक, पुढे सशाच्या तोंडाचा खिसा, वर दोन लोंबते कान. हा खिसा तिनं घरच्या मशीनवर बसून चार वेळा उसवून जुळवला होता. तिच्या गिऱ्हाइकांनाही तो अजून दाखवला नव्हता, आणि इथे कोपऱ्यावरच्या नव्या दुकानात तो राजरोस झुलत होता. मागे मांजराचा खिसाही असाच तिच्याआधी इथे पोचला होता. तेव्हा तिनं योगायोग म्हणून सोडून दिलं होतं.

घरी येऊन तिनं थोरल्या बहिणीला फोन केला. चहाला उकळी यायच्या आत अक्का दारात हजर.

"आधी डोळे पूस," अक्का म्हणाली. "रडून खिसे परत येत नाहीत."

"अगं, बायका माझ्याकडे खिशासाठी तर येतात. साधा फ्रॉक कुठेही मिळतो. खिसेच गेले तर मशीनवर चादर टाकायची आणि गप्प बसायचं."

मशीन आईचं होतं. आई गेल्यावर ते धाकटीकडे आलं, तेव्हा अक्का हसून म्हणाली होती, "मला मेलीला कुठे वेळ आहे शिवत बसायला!" पण धाकटीच्या अडीअडचणीला पहिली धावून यायची ती अक्काच.

संशय घ्यायला माणसं दोनच होती. धाकटी कापड कापायची आणि शिवायचं काम दोघी जणी आपापल्या घरी करायच्या. एक वहिनी, म्हणजे भावाची बायको. दुसरी मावशी. मावशी नात्याची कुणी नव्हे, पण धंद्याच्या पहिल्या दिवसापासून बरोबर होती. एकदा सगळ्या बाह्या उलट्या लागल्या, तेव्हा दिवसभर शेजारी बसून तिनं एकेक टाका उसवला होता आणि वर म्हणाली होती, "होतं गं, माणूस आहे, यंत्र नाही."

खरं सांगायचं तर चोर वहिनीच निघावी असं धाकटीला वाटत होतं. वहिनीचं आणि तिचं कधी फारसं जमलं नव्हतं. वहिनी चोर निघाली असती तर निदान जीव तरी तुटला नसता.

मग तिनं एक युक्ती काढली. दोन नवे खिसे कापले. वहिनीच्या गठ्ठ्यात बदक घातलं, मावशीच्या गठ्ठ्यात कासव. जो प्राणी दुकानात दिसेल, त्यावरून चोर कळेल. ही गोष्ट तिनं नवऱ्यालाही सांगितली नाही. सांगितली ती फक्त अक्काला.

"डोकं आहे हो तुला!" अक्का म्हणाली. "आण ते गठ्ठे. घरी जाता जाता मीच देते दोघींना. तू गेलीस तर तुझ्या तोंडावरच सगळं वाचतील त्या."

तेही खरंच होतं. धाकटीच्या पोटात काही राहायचं नाही.

वहिनीची बदकं ठरल्या दिवशी शिवून आली, कडेला सुरेख टीप मारलेली. ती हातात घेताना धाकटीला उगीचच ओशाळल्यासारखं झालं. संध्याकाळी ती दुकानावरून गेली. काचेआड हिरवंगार कासव होतं.

एखाद्या परक्यानं लुटलं असतं तर तिनं चार शिव्या घातल्या असत्या. पण मावशीनं असा केसानं गळा कापावा? घरी येऊन ती अक्काच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

"कुंपणानंच शेत खाल्लं बघ," अक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "मी तिला त्या दुकानाच्या दारात पाहिलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. आता फोन कर आणि तोडून टाक. कारण सांगत बसू नकोस, ती गोड बोलून तुला गुंडाळेल. गठ्ठ्याचा विषयही काढू नकोस. वारभर कापड गेलं तर गेलं."

धाकटीनं फोन लावला. "मावशी, आजपासून आपलं काम बंद. का ते तुमचं तुम्हाला ठाऊक." पलीकडून "अगं पण..." ऐकू आलं, तोवर तिनं फोन ठेवला होता. नंतर दोनदा वाजला, तोही उचलला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मावशीच्या जागी अक्का आली. "आता बाहेरच्या माणसांचा भरवसाच नको," ती म्हणाली आणि कापायच्या टेबलाशी बसली. धाकटीनं नमुन्यांची सगळी पेटी तिच्यापुढे ठेवली. कितीतरी दिवसांनी तिला जरा हलकं वाटलं.

दुपारी बेल वाजली. दारात मावशी उभी होती. उन्हातून चालत आल्यानं धाप लागली होती, डोळे सुजलेले होते.

"काम मागायला नाही आले," ती म्हणाली. "तोडलंस ते तोडलंस. पण माझं काय चुकलं, तेवढं सांग."

धाकटीनं दात आवळले. अक्कानं बजावलं होतं, तरी तिच्या तोंडून निघालंच. "माझी कासवं विकलीत ना त्या दुकानात? तुमच्या गठ्ठ्यात घातली होती मी."



"कसली कासवं? कसला गठ्ठा? ससे दिल्यापासून कापड आलंच कुठंय माझ्याकडे? मी विचारलं तर तुझी अक्का म्हणाली, सध्या काम थंड आहे, धाकटीला फोन करून त्रास देऊ नका."

"कोण आलंय गं?" आतून अक्कानं हाक मारली. "दार लाव आणि ये लवकर, हे नवं घुबड कसं कापायचं ते दाखव मला."