उरलेली डावी बाजू

सलूनवाल्या ताईंचा मणका सरकला होता आणि एक पाय बधिर पडत चालला होता. ऑपरेशन लांबवलं तर पाय कायमचा जाईल, असं डॉक्टर म्हणाले. विम्याच्या साहेबांनी मात्र, 'बाई दिवसभर उभ्याने काम करतात, म्हणजे ऑपरेशनची गरज नाही,' असं कळवून हात वर केले.

आज संध्याकाळी साहेबांचा सत्कार होता, म्हणून ते नेमके ताईंच्याच खुर्चीत येऊन बसले. त्यांच्या ऑफिसात खेटे घातलेल्या ताईंनी त्यांना लगेच ओळखलं, त्यांनी ताईंना नाही. ताईंनी गुपचूप मशीन फिरवलं, उजवी बाजू झकास केली आणि शेजारच्या खुर्चीत बसकण मारली.

"अहो, डावी बाजू राहिली की."

"उभं राहवत नाही, साहेब. ऑपरेशन झालं की करते. कागद तुमच्याच टेबलावर पडलेत."

"ताई, मला तासाभरात स्टेजवर जायचंय."

"जा की. मी कुठे धरून ठेवलंय?"

साहेबांनी एकदा आरशात पाहिलं, मोबाईल काढला, ताईंचं नाव विचारलं आणि तिथल्या तिथे मंजुरी पाठवली. ताईंनी आलेला मेसेज सावकाश वाचला आणि खुर्चीला धरून त्या कशाबशा उठल्या.


"मान वाकवू नका हं, साहेब. मणक्याचं दुखणं फार वाईट."