नावाआधीचं अक्षर

तानुबाईंनी दिलेला तांब्या उत्कर्षानं तोंडाला लावला आणि एका घोटानंतर खाली ठेवला. पाणी मचूळ होतं.

"आजी, हे बोअरचं आहे ना?"

"व्हय. गार हाय, प्या की."

शेजारी बसलेल्या विजयमालाबाई तांब्याकडे बघत राहिल्या. आटपाडीजवळच्या या वस्तीवर पाण्यातलं फ्लोराइड काढणारा फिल्टर त्यांनीच गेल्या वर्षी मुलाच्या नावानं बसवून दिला होता. वाईहून त्या इथं आज पहिल्यांदा आल्या होत्या. उद्घाटनालाही आल्या नव्हत्या. फिल्टरची देखरेख उत्कर्षा करायची. त्याची टाकी रोज रिकामी होत होती, आणि तरी मुलांच्या लघवीतलं फ्लोराइड कमी होत नव्हतं. मग ते पाणी जातं कुठं?

समोर तानुबाईंची सून पूजा फिल्टरच्या नळाखालची बादली उचलून आणत होती. तिनं ती कोकरांच्या घमेल्यात ओतली.

"कोकरांना फिल्टरचं आणि माणसांना बोअरचं?" उत्कर्षानं विचारलं. तक्रार नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. "चव आवडत नाही का?"

"चव ब्येस हाय," पूजा म्हणाली.

"मग लांब पडतं?"

पूजा हसली आणि सवयीनं पदर तोंडावर धरला. तरी दातांवरचे तपकिरी पट्टे दिसलेच. "दाराम्होरं तर हाय, ताई."

तानुबाईंच्या मांडीवर दीड वर्षाचा नातू साईराज भाकरीचा तुकडा चघळत होता. त्याचे पक्के दात आत्ता हिरडीच्या आत घडत होते. ते आईसारखे निघणार की पांढरे, हे याच काळातल्या पाण्यावर ठरणार होतं.

"आजी, निदान याला तरी द्या ना ते पाणी. का देत नाही?"

तानुबाईंनी विजयमालाबाईंकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. "ह्यांच्याम्होरं कसं बोलू."

"बोला," विजयमालाबाई म्हणाल्या.

"पाटीवर नावाआधी 'कै.' हाय म्हनं. म्हंजी गेलेल्या मानसाच्या नावानं सोडल्यालं पानी झालं त्ये. जनावरास्नी चालतंय. धुन्याला चालतंय. लेकराच्या तोंडाला कसं लावायचं? बाई, तुमी लावलं असतं का?"

उत्कर्षानं मान वळवली. 'कै. राजवर्धन जलशुद्धीकरण केंद्र.' नळ, टाकी, गाळणी, तिनं सगळं तपासलं होतं. पाटी नव्हती तपासली.

विजयमालाबाई म्हणाल्या, "मग नावच काढून टाकू."

"आवं, नाव कशापायी? नाव चांगलं हाय. त्येच्या आधीचं त्येवढं काढा."

"तेवढं लिहायला मला वर्ष लागलं होतं."

साईराजच्या हातातला तुकडा खाली पडला. तानुबाईंनी तो पुसून परत त्याच्या हातात दिला.

विजयमालाबाई उठल्या. पाटीवरची अक्षरं स्टिकरची होती. पहिल्या अक्षराची कड त्यांनी नखानं उचलली. उन्हानं कडक झालेला कागद तुकड्या-तुकड्यांनी निघत होता. उत्कर्षा मदतीला पुढे झाली, तेव्हा त्यांनी तिला हातानंच थांबवलं. शेवटचा तुकडा निघाला तो त्यांनी मुठीत धरला.

तानुबाई नातवाला कडेवर घेऊन पाटीपाशी आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी त्या जागेवरून बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही.

मग त्या घराकडे तोंड करून ओरडल्या,

"पूजे, कळशी घे. राजवर्धनकडनं पानी आन जा."

विजयमालाबाईंनी चटकन मागे वळून पाहिलं.