पहिला बार

सांबराच्या शिकारीला बंदी नव्हती, तेव्हाची गोष्ट. शिमग्याच्या शिकारीत पहिला बार टाकण्याचा मान देसाई घराण्याचा. पोटी पुत्र नसल्याने तो यंदा जावयाला द्यावा की पुतण्याला, हे सगुणाबाईंचे ठरत नव्हते. ठासणीची बंदूक निवडायला मात्र त्या जातीने आल्या होत्या.

"जावईबापू, तुम्ही नुसते उभे राहा. तुम्हांला भेंडीसुद्धा कोवळी निवडता येत नाही."

दुकानदाराने एक जुनी, वजनदार बंदूक पुढे केली. आत गंज आहे का, हे पाहायला सगुणाबाईंनी नळीला डोळा लावला. तोच जावयाने सासूबाईंना न विचारता नळी बाजूला ओढली आणि बार ठासायचा गज आत सोडला. रिकाम्या नळीत पुरता बुडणारा तो गज चार बोटे वरच राहिला.

"आईसाहेब, बार भरलेला आहे."

दुकानदार पांढराफटक पडला.

"ठाऊक आहे," सगुणाबाई म्हणाल्या. "तुम्हांला कळते का, ते पाहत होते. पहिला बार तुम्हीच टाकायचा."

मग जावयाला तहान लागली असेल म्हणून त्यांनी पाणी मागवले आणि तांब्या स्वतःच रिकामा केला.