मागे बसणारी

केंटकीतलं वडिलांचं अख्खं घर भाड्याच्या ट्रकमध्ये कोंबलेलं, मागे ट्रेलरवर त्यांची जुनी पिकअप, आणि नेब्रास्कातल्या एका पेट्रोल पंपावर ट्वायला अडकली. समोर भिंत होती. बाहेर पडायचं तर ही सगळी वरात मागेच घ्यावी लागणार होती.

कॉफी पीत उभ्या असलेल्या पुरुषांना फुकटचा तमाशा मिळाला. एक टोपीवाला खिडकीशी आला. "उतरा बाई, मी काढून देतो. ट्रेलर म्हणजे उलट्या डोक्याचं जनावर, मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ते उजवीकडे जातं. बायकांचं काम नाही ते."

"मग तुमच्या नात्यातलंच दिसतंय," ट्वायला म्हणाली. "सरका, पाय जाईल चाकाखाली."

शेजारी बसलेल्या तिच्या बापानं, चाळीस वर्षं ट्रक हाकलेल्या माणसानं, डोळे गच्च मिटून घेतले.

तिनं स्टिअरिंग अगदी तळाशी धरलं. हात जिकडे, ट्रेलर तिकडे. कुठे खरचटलं नाही, कुठे घासलं नाही. दोन पंपांमधून वरात एका दमात मागे निघाली आणि रस्त्याच्या तोंडाशी थांबली.

टोपीवाला धावत म्हाताऱ्याच्या बाजूला आला. "काका, तुम्हीच शिकवलंत होय पोरीला?"

"नाही," म्हातारा म्हणाला. "मी तिन्ही पोरांना शिकवलं. हिला मागच्या सीटवर गप्प बसवायचो, तिथून बघून शिकली." मग जरा ताठ होऊन म्हणाला, "मला न्यायला तिघांतला एकही आला नाही. ही आली. आणि मला पुढे बसवलंय."