बॉल आत आणला कुणी?

वाटूरहून, माहेराहून परत आले आणि दुसऱ्याच दिवशी पोरीला सर्दी-ताप. कपाळावर पट्ट्या ठेवताना माझा जीव थाऱ्यावर नव्हता, पण सासूबाईंचा निकाल तयारच होता. "तिकडूनच आणलंय हे दुखणं. आता भाऊबीजेला जायचं नाव काढू नको."

शेजारी माझा नवरा कल्याण मोबाईलवर अमेरिकन फुटबॉल बघण्यात गुंग. एक गडी मैदानाच्या टोकाला, स्वतःच्याच गोलपट्टीत बॉल घेऊन पडला, तसा तो मला समजावायला लागला. "कुठं पडला ते सोड, बॉल तिथं आणला कुणी ते बघायचं. समोरच्यांच्या किकनं आला असंल तर टचबॅक, गुण कुणालाच न्हाई. आपणच आत नेला असंल तर सेफ्टी, दोन गुण समोरच्याला. बिलकुल न्यायाचं काम!"

"बराबर," मी म्हणाले. "मंग आईंना सांगा ना, ही सर्दी घरात आणली कुणी?"



मी परत यायच्या आधीपासून शिंकत असलेल्या कल्याणनं मोबाईल उलटा ठेवला आणि आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितलं, "अगं, खेळातले नियम घरात कुठं लावतेस!"