लग्नाची मागणी

कॅमेऱ्याच्या फ्रेममध्ये दिसतात म्हणून स्टुडिओच्या मालकांनी, हॅस्केलसाहेबांनी, गच्चीखालच्या गाद्या काढायला लावल्या, आणि सिनेमातली उडी मारताना फिनी मेला. पेपरवाल्यांना साहेब म्हणाले, "पिऊन आला होता."

फिनीचा पडद्यावरचा जोडीदार ऑर्विल टेट हा आमच्या हॉलिवूडच्या स्टुडिओतला सगळ्यांत लाडका विनोदी नट. तो जाब विचारायला गेला तेव्हा साहेब हसले. "खुशाल बोंबल. मूकपटातला विदूषक तू, तुझं ऐकणार कोण?"

ऑर्विल परतला. पुढच्या सिनेमात त्याला नायिकेपुढे गुडघे टेकून लग्नाची मागणी घालायची होती. कॅमेरा मी फिरवत होतो. त्याच्या तोंडचे भलतेच शब्द ऐकूनही मी हँडल फिरवत राहिलो. पडद्यावर पाटी तर एवढीच येणार होती, 'प्रिये, माझी होशील?'

पहिल्या खेळाला साहेब सहकुटुंब आले. ऑर्विल मुद्दाम त्यांच्या शेजारी बसला. तो प्रसंग आला आणि थिएटर खदखदून हसलं.

 

हसली नाहीत ती फक्त ऑर्विलने बोलावलेली बहिऱ्यांच्या संस्थेतली माणसं. "फिनी प्यायला नव्हता, हॅस्केलने गाद्या काढल्या," हे पडद्यावरच्या त्याच्या ओठांवरून वाचून ती एकेक करत उठली आणि साहेबांकडे वळून बघत उभी राहिली.